रुळवणारे भैयासाहेब

भैयासाहेब जगदाळ्यांच्या पायांत एकाच जोडीतले दोन बूट मी कधी पाहिले नाहीत. डाव्या पायात वकिलांचा काळा कुळकुळीत बूट आणि उजव्या पायात कुणा नवरदेवाची जरीची मोजडी, अशा थाटात ते सकाळी ग्वाल्हेरच्या माधवगंजातून फिरायला निघत. नवखा माणूस थबकून बघायचा. आम्ही जुनी मंडळी मात्र सध्या कोणाकोणाचं काम चालू आहे एवढंच त्यावरून ताडायचो. मोजडी दिसली की कुठेतरी लग्न ठरलंय. शाळेचे बूट दिसले की सुट्टी संपत आली. एकदा उजव्या पायात पोलिसी बूट दिसला, तेव्हा गल्लीतल्या भाजीवाल्याने आठवडाभर कोणाशी घासाघीस केली नाही.

लोकांच्या नव्या वस्तू रुळवून देणं हा त्यांचा उद्योग होता. पोटासाठी त्यांनी जन्मभर वीजखात्यात कारकुनी केली, पण ते खातं त्यांच्या बोलण्यात कधी येत नसे. नव्या चपला ते आठ-आठ दिवस आपल्या पायात वागवून मऊ करून देत. त्यांचं पाऊल मधल्या मापाचं होतं. मोठ्या बुटात ते दोन मोजे घालत आणि लहान बुटात दात-ओठ खात. डावा आधी आणि उजवा नंतर, हा त्यांचा नियम. "दोन्ही पाय एकदम दुखवून घ्यायला मी काय वेडा आहे? एक पाय तर धड पाहिजे, घरी परत यायला," असं ते म्हणत. बुटांखेरीज बिडाचे तवे, कोऱ्या बॅटी, नवे पाटे-वरवंटे, अडकणारी कुलुपं हेही त्यांच्याकडे येई. तवा आला की घरात चार दिवस नुसता कांदा परतला जायचा. बॅट आली की ते दुपारभर पायरीवर बसून लाकडी हातोडीने तिला ठोकत, आणि अख्ख्या आळीची वामकुक्षी उडे. त्यांच्या पत्नी सुमनकाकी म्हणायच्या, "आमच्या घरात जे जे नवं ते दुसऱ्याचं. आमच्या मालकीचं सगळं जुनं."

यामागे घराण्याचा इतिहास होता. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, असं इथलं प्रत्येक मराठा घर सांगतं. भैयासाहेब जरा वेगळं सांगत. "बाकीच्यांचे पूर्वज घोड्यावर बसून आले. आमचे घोड्यावरून पडत पडत आले." जगदाळे हे चाबूकस्वार. पागेत कोरं घोडं आलं की ते आधी यांच्या ताब्यात यायचं. जे काही पडायचं-झडायचं ते यांनी पडून घ्यायचं आणि शहाणं झालेलं जनावर मग सरदारांच्या हवाली करायचं. पुढे पागा गेल्या, घोडी गेली, पण अंगातली विद्या काही जाईना. तेव्हा आजोबांनी शेजाऱ्याचा नवा बूट पायात घातला, आणि तिथून हे सुरू झालं. आजोबांचा चाबूक बैठकीत खुंटीला टांगलेला असे. "हा मारायला नाही, दाखवायला आहे," असं भैयासाहेब सांगत. "ज्याला मारावा लागला, तो चाबूकस्वारच नाही."

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. "नव्या वस्तूला अजून माहीत नसतं की ती कोण आहे. ते तिला सांगावं लागतं, पण ओरडून नाही." आणि, "तापवलं की तवा तापतो बेटा, रुळत नाही." त्यांचा नकारही ठरलेला होता. कोणीतरी एकदा थट्टेने म्हणालं, भैयासाहेब, आमचे जावईबापू तेवढे रुळवून द्या. ते एकदम गंभीर झाले. "माणसं मी घेत नाही. चप्पल चावते तर आठ दिवस चावते. माणसाचं काही टाइमटेबल नसतं."

माझी आणि त्यांची मैत्री जमली ती पायांमुळे. माझे पाय पहिल्यापासून दांडगे. त्यांचे फाजील लाड कोणी केले नाहीत, मावशी तर तोंडावर म्हणायची, "शुभाला एक वेळ स्थळ मिळेल, चप्पल नाही मिळायची." मी पुरुषांचे बूट घालते, आणि भैयासाहेबांचं माप नेमकं माझंच. त्यामुळे माझे बूट रुळवताना त्यांना ना जादा मोजे लागत, ना दात-ओठ खावे लागत. "तुझा बूट म्हणजे मला माहेरी आल्यासारखं वाटतं," असं ते म्हणायचे. दातांची डॉक्टर झाल्यावर दवाखान्यात दिवसभर उभं राहायचे माझे सगळे बूट आधी त्यांच्या पायांनी ग्वाल्हेर पाहून आलेले असत.

पाय दांडगा असला की एक्सेलरेटरही तसाच दाबला जातो. मी लाल रंगाची एक जुनी गाडी घेतली होती. दिसायला साधी, चार दारांची, पण आत टर्बो बसवलेलं इंजिन, आणि आधीच्या मालकाने त्यात आणखी करामती करून ठेवलेल्या. दिवसभर लोकांच्या अक्कलदाढा उपटल्यावर रविवारी सकाळी शिवपुरी रस्त्याला ती गाडी पळवणं हे माझं सुख होतं. एका रविवारी जरा जास्तच सुख घेतलं. गाडीतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, खडखड आवाज झाला आणि सगळं शांत झालं. ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून मी ती शहरातल्या लष्कर भागात आणली. संपूर्ण रस्ताभर ट्रॅक्टरवाला मागे वळून माझ्याकडे दयेने बघत होता.

रईसभाईंनी ते इंजिन पुरतं खोललं. गॅरेज त्यांचं छोटं, पण हात सोन्याचा आणि तोंड कडू. पिस्टन नवे, रिंगा नव्या, सिलिंडर घासून घेतलेले. महिन्याभराने त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, पण सोडली नाही. दोघांच्या हातात किल्ली अशी धरूनच त्यांनी मला बजावलं, "डॉक्टरसाब, पहले हज़ार किलोमीटर ये बच्चा है. पूरा दबाना नहीं. एक ही चाल पे चलाना नहीं. और सबसे बड़ी बात, खड़ी करके चालू मत छोड़ना. खड़ी-खड़ी घुर्र-घुर्र करेगी तो रिंगें बैठेंगी नहीं, दीवारें चिकनी हो जाएँगी, और फिर ज़िंदगी भर तेल पिएगी. दुबारा मैं नहीं खोलूँगा." थोडक्यात, नव्या रिंगांनी सिलिंडरच्या भिंतीवर थोडा जोर लावून आपली जागा घासून घ्यायची असते. जोर फार झाला तरी बिघडतं आणि अजिबात नसला तरी बिघडतं. मी मान डोलावली. रईसभाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि किल्ली परत आपल्याकडे ओढली.

"मग रुळवायला कोणाला देऊ?" मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर सुचलं.

भैयासाहेबांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या. त्या दिवशी त्यांच्या डाव्या पायात एका सराफाचा पंपशू होता. बॉनेट त्यांनी हलकेच थोपटलं. मग म्हणाले, "हे तर घोडंच आहे. मला वाटलं होतं की माझ्या नशिबात फक्त बुटंच आहेत." आजोबांनंतर जगदाळ्यांकडे आलेलं हे पहिलं जनावर. त्यांनी रईसभाईंच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, की हे इंजिन शहाणं करून देईन, नाहीतर चाबूक खुंटीवरून उतरवून नदीत टाकीन. रईसभाईंना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी किल्ली सोडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते हजर. डोक्याला फेटा, हातात चाबूक. मी म्हटलं, "भैयासाहेब, चाबूक कशाला?" तर म्हणाले, "तिला माहीत पडायला पाहिजे ना, की आपण कोण लोक आहोत." ओला हरभरा आणि गूळ त्यांनी बॉनेटवर ठेवला. समोरच्या गाईने तो तिथल्या तिथे खाल्ला आणि वर बॉनेट चाटून काढलं. भैयासाहेब खूश. "चांगला शकुन आहे. निघ."

ते स्वतः गाडी उत्तम चालवत, पण सकाळी चालवायची मी आणि शेजारी बसून सांगायचं त्यांनी. "इंजिनाचा काही दोष नाही. दोष तुझ्या पायाचा आहे. तर आपण दोन्ही सोबतच रुळवून टाकू." रईसभाईंचे नियम त्यांना एका फटक्यात कळले होते, कारण ते सगळे आजोबांचेच होते. एकाच चालीनं नेलेलं घोडं चालता चालता झोपतं, मग त्याला दुसरी चालच येत नाही. उभं ठेवलेलं घोडं दाणा खाऊन नुसतं फुगतं. म्हणून शहराबाहेर तिघऱ्याच्या रस्त्याला आमची कवायत चाले. "कदम... कदम... आता दुडकी. थोडं पळव. बस्स! पाय उचल. गिअरमध्येच राहू दे, आपोआप उतरू दे." किल्ल्याच्या उरवाई दरवाजाचा चढ चढायचा, आणि ब्रेकला पाय न लावता, गिअरवर रोखत उतरायचा. माझा पाय जरा जड पडला की चाबकाची मूठ डॅशबोर्डवर टक्कन वाजे. गाडी पुढे पळायची आणि मी दचकायची, अशी आमची दोघींचीही शिकवणी सुरू झाली.

हजारांपैकी निम्मे किलोमीटर झाले असतील नसतील, आणि आईने घोळ घातला.

माझा धाकटा भाऊ अभय याचं लग्न ठरलं होतं. मुलगी केतकी, इंदूरची. अभय आमचा फार मितभाषी. दगडाला दोन शब्द फुटतील, याला नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तो तिच्याशी बोलला एकच वाक्य, आणि ते होतं, "पंखा वाढवू का?" नंतर तीन-चार वेळा ते भेटले, तेही दोन्हीकडच्या पंधरा माणसांच्या देखत, पोहे खात. फोनवर तो "हो" आणि "ठीक" एवढंच बोले. लग्नाच्या आठवड्यात रात्री जेवताना तो मला म्हणाला, "ताई, यार, मला ती आवडते तर खूप, पण तिच्याशी बोलायचं काय तेच समझ नाही येत. ती सोचत असेल की मी जबरदस्तीनं करून राहिलोय." मी दातांची डॉक्टर. लोकांनी आ वासला की मला पुढचं जमतं. हा तोंडच उघडेना.

आणि आईने परस्पर इंदूरकरांना सांगून टाकलं, की आमचा नवरदेव शुभाच्या लाल गाडीतून येणार. लहानपणी एका बारातीत घोडीने अभयला फेकला होता, तेव्हापासून तो घोडीवर बसत नाही. मी आईला पुष्कळ समजावलं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी बारात घेतली उत्तरेकडून आणि मुहूर्ताची घाई आणली दख्खनेतून. या दोन गोष्टी एका दिवशी कशा बसवायच्या हे आजवर कोणालाही जमलेलं नाही. बारात खासगी बाजार नावाच्या पेठेतून मुंगीच्या पावलाने निघणार, दर चौकात थांबून नाचणार, आणि तेवढा वेळ गाडी जागच्या जागी घुर्र-घुर्र करत राहणार. म्हणजे रईसभाईंनी नेमकं जे करू नका म्हणून बजावलं होतं तेच. "मग बंद करून ढकला," आई म्हणाली आणि स्वतःच घाबरली. "नको बाई. नवरदेवाची गाडी ढकलत आणली तर इंदूरचे लोक काय म्हणतील!" दुसरी गाडी चालणार नव्हती, कारण तिकडे लाल सांगितली होती. इंजिन वाचवावं तर आईचा शब्द जातो, आईचा शब्द राखावा तर इंजिन जातं. मी रडकुंडीला आले.

भैयासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "गाडी मी चालवीन," ते म्हणाले. "बारात उभी राहो, बँड उभा राहो, गाडी उभी राहणार नाही. तू फक्त नाच."

लग्नाच्या दुपारी मी नाचले. गोरज मुहूर्त होता, म्हणून ऊन असतानाच बारात निघाली. पुढे बँड, मग नाचणारे, मग बायका, आणि सर्वांत मागे फुलांनी मढवलेली लाल गाडी. बारातीत नवरदेव शेवटी असतो याचा मोठा फायदा असा, की तो गेला तरी पटकन कळत नाही. पहिल्या चौकात बँड थांबला तशी भैयासाहेबांनी गाडी शांतपणे मागे घेतली आणि गोरखीच्या बाजूने पसार केली. उरवाईचा चढ चढून, उतरून, नवरदेवासह ती परत येऊन उभी राहीपर्यंत बारात वीस पावलं पुढे सरकली होती. दुसऱ्या चौकात पुन्हा तेच. या वेळी एका काकूंनी परत आलेला नवरदेव पाहिला, त्यांना वाटलं आत्ताच आला, आणि त्यांनी त्याला नव्याने ओवाळलं. अभयच्या कपाळावर कुंकवाचे थर चढत गेले.

तिसऱ्या खेपेला मात्र बराच वेळ झाला तरी गाडी दिसेना. आणि नेमके तेव्हाच केतकीचे मामासाहेब समोरून आले. मामासाहेब म्हणजे इंदूरकरांचं घड्याळ. मुहूर्त जवळ आला, बारात कुठे अडकली, हे पाहायला ते कार्यालयातून पायी निघाले होते. बँड ओलांडून, नाचणाऱ्यांना कोपराने बाजूला सारत ते नवरदेवाला भेटायला थेट शेवटापर्यंत गेले. शेवटी बर्फाच्या पाण्याची हातगाडी होती, आणि तिच्यापलीकडे रिकामा रस्ता.

"नवरदेव कुठे आहेत?" त्यांनी आमच्या एका नाचऱ्या काकांना विचारलं.

"येतीलच की आत्ता," काका घाम पुसत म्हणाले, "तिघऱ्याला गेलेत."

"तिघरा म्हणजे?"

"धरण आहे ना आमचं."

लग्नाच्या दिवशी मुलगा एकाएकी धरणावर गेला, हे ऐकून मामासाहेब हातगाडीच्या दांड्यावर मटकन बसले. हातगाडीवाल्याने न मागता त्यांच्या हातात पाणी दिलं. आईला कोणीतरी ही बातमी दिली, आणि ती तर मुलगा बुडालाच असं धरून चालली. मी अभयला फोन लावला, तो लागेना. फोन भैयासाहेबांनी काढून घेतला होता हे मला नंतर कळलं. "कोरं घोडं हाताखाली असताना बोलायचं नाही," असं म्हणून त्यांनी तो बंद करून फेट्यात खोवला होता. मी बँडवाल्यांना वाजवत राहायला सांगितलं. थांबले असते तर सगळ्यांनाच कळलं असतं.

इतक्यात मामासाहेबांचा फोन वाजला. कार्यालयातून बातमी आली, की नवरदेव तिथे पोचले आहेत, एकटेच, बरोबर एक फेटेवाले म्हातारे आणि चाबूक. मामासाहेबांच्या जिवात जीव आला. ते उठले, त्यांनी कोट झटकला. फोन पुन्हा वाजला. या वेळी ते नुसतं ऐकत राहिले आणि हळूहळू परत दांड्यावर बसले.

"नवरी पण गेली," ते म्हणाले.

घडलं होतं ते असं. तिघऱ्याहून परतताना भैयासाहेबांना पुढे बारातीच्या गर्दीने रस्ता तुंबलेला दिसला. तिथे शिरलं असतं तर गाडी उभीच राहिली असती. म्हणून ते मागच्या रस्त्याने थेट कार्यालयाच्या दारात गेले. बहुतेक पाहुणे आत गुरुजींच्या भोवती, आणि वर गच्चीच्या कठड्याशी शालू नेसून केतकी एकटी उभी, बारात अजून का येत नाही ते पाहत. गाडी पाहून ती खाली आली. अभयने तोंड उघडलं, आणि त्यातून आलं, "गरम होतंय का?"

भैयासाहेबांनी कपाळाला हात लावला. मग केतकीला म्हणाले, "बेटा, इंजिन तापून राहिलंय. असल्या गाडीला पळवून आणल्याबरोबर बंद नाही करत, आणि उभी तर ठेवायचीच नाही. एक हलका फेरा लागेल. येतेस?" केतकीने एकदा आत पाहिलं, एकदा अभयकडे पाहिलं, आणि विचारलं, "मी चालवू?"

तर केतकी गाडी चालवत होती, अभय तिच्या शेजारी आणि भैयासाहेब मागच्या सीटवर. कटोराताल, फूलबाग असा तो फेरा झाला. पुढच्या दोघांत काय बोलणं झालं हे मी भैयासाहेबांना पुढे अनेकदा विचारलं. त्यांचं उत्तर कधी बदललं नाही. "मी काही ऐकलं नाही. मी इंजिन ऐकत होतो."

इकडे आम्ही सगळे हातगाडीभोवती उभे. नवरा नाही, नवरी नाही, मुहूर्त अर्ध्या तासावर, आणि बँड मी सांगितल्याप्रमाणे जीव तोडून वाजवतोय. आईने रडायला सुरुवात करण्यासाठी पदर हातात घेतला होता. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. लाल गाडी दुडक्या चालीने येत होती. शालू सावरत नवरी चालवत होती. तिची मुंडावळी आरशाला अडकवलेली होती. शेजारी अभय बसला होता आणि हातवारे करकरून तिला काहीतरी सांगत होता. माझा भाऊ हातवारे करतो हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. गर्दीपाशी येताच केतकीने एक्सेलरेटरवरून पाय इतका अलगद उचलला, की गाडी कुठे थांबली ते कळलंच नाही. मग तिने लगेच इंजिन बंद केलं.

बारातीत नाचायचं का रागवायचं, कोणाला ठरवता येईना. बँडवाल्यांनी आपल्या परीने सोडवणूक केली आणि आणखी जोरात वाजवायला घेतलं. आई एवढंच म्हणाली, "शालू चुरगळला गं."

मामासाहेब मात्र तडक भैयासाहेबांसमोर येऊन उभे राहिले. "हे काय केलंत तुम्ही? अंतरपाटाआधी मुलीला गावभर फिरवून आणलंत?"

भैयासाहेब गाडीतून उतरले. डाव्या पायात कोणाचा तरी नवा सॅंडल, उजव्या पायात त्यांचा जुना बूट. त्यांनी चाबूक काखेत धरून हात जोडले. "मामासाहेब, रागावू नका. ही मुलं चार वेळा भेटली, ती पण पोहे खात, लोकांसमोर. एकदम अंतरपाट दूर केला असता ना, तर दोघं जागच्या जागी जाम झाली असती. नवं आहे सगळं. जरा हलका फेरा दिला. आता बघा, किती छान आवाज येऊन राहिलाय."

गाडी बंद होती. आवाज अभयचा येत होता. तो अजून बोलतच होता, आणि केतकी हसत होती. मामासाहेबांनी त्या दोघांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि सवयीने म्हणाले, "चला, चला, वेळ आहे अजून." शेवटचं अंतर सगळी वरात पायी चालत गेली, नवरा-नवरीसकट. लाल गाडी तिथेच सावलीत उभी राहिली, बंद करून.

मंगलाष्टकं आटोपल्यावर मी भैयासाहेबांना गाठलं. "कार्यालयाच्या दारात तुम्हाला गाडी बंद करता आली असती."

"आली असती," ते जिलबी खात म्हणाले.

"आणि तुम्ही तर माणसं घेत नाही."

"नाही घेत. पण अभयला तू बघितलं नाही का? त्याला उभा ठेवला असता तर तो जिंदगीभर तसाच घुर्र-घुर्र करत राहिला असता." मग माझा हात धरून ते हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नको. लाइन लागेल."

हजार किलोमीटर पुरे झाल्यावर रईसभाईंनी गाडीतलं ऑइल काढलं, पांढऱ्या फडक्यावर घेतलं आणि उन्हात धरून बघितलं. लोखंडाचा कण नाही. मग त्यांनी सिलिंडरचा दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि त्यांचा कडू चेहरा हळूहळू गोड झाला. "डॉक्टरसाब, रिंगें ऐसी बैठी हैं जैसे पुराने दोस्त. किसने चलाई?" मी भैयासाहेबांकडे बोट दाखवलं. भैयासाहेबांनी फेटा नीट केला. जन्मभर कारकुनी करून निवृत्त झाले त्या दिवशीही हा माणूस इतका ताठ उभा राहिला नव्हता, असं सुमनकाकी सांगत होत्या. त्या दिवशी चाबूक त्यांनी खुंटीला परत टांगला तो शेंदूर लावून.

त्यानंतर त्यांनी दुसरी गाडी रुळवायला घेतली नाही. "एक घोडं पुरे. आजोबांना तोंड दाखवण्यापुरतं झालं." त्यांचे बूट, तवे, बॅटी चालूच राहिले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी फिरून आले, पायरीवर बसले, आणि बसल्या बसल्याच गेले. सुमनकाकी म्हणाल्या, बूट काढायला वाकले होते. मला फार रडू आलं. दवाखान्यातून धावत पोचले तर पायरीशी एक बूट सुटा पडलेला, आणि तो माझा होता. गाडी चालवायला म्हणून मी नवीन बूट घेतले होते आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडे दिले होते.

तेराव्यानंतर काकींनी ती जोडी कागदात गुंडाळून मला दिली. डावा बूट लोण्यासारखा मऊ झालेला. उजवा होता तसाच, कडक. नियमाप्रमाणे डाव्यापासून सुरुवात केली होती, उजव्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

अभय म्हणाला, उजवा जरा तेल लावून ठेव, मऊ पडेल. केतकी म्हणाली, मी घालते आठ दिवस, माझा पाय हलका आहे. मी कोणालाही दिला नाही. रविवारी सकाळी मी तीच जोडी घालून तिघऱ्याच्या रस्त्याला जाते. रस्ता मोकळा असतो, इंजिन सुरेल चालतं, आणि मला राहवत नाही. पण एक्सेलरेटर जरा जास्त दाबला की उजवा बूट टाचेला कडकडून चावतो, आणि मी पाय उचलते.